ऐकणे आणि मानणे : मराठी ख्रिस्ती साहित्यातील देवभय व आज्ञापालन

१

'मुलगा ऐकत नाही' असे मराठीत आपण म्हणतो तेव्हा त्याच्या कानांविषयी आपली काहीच तक्रार नसते. सांगितलेले त्याच्या कानांवर पडलेले असते. ते त्याने मानलेले नसते. ऐकणे, पटणे आणि त्याप्रमाणे वागणे या तीन क्रिया आपल्या बोलीने एकाच क्रियापदात बांधून ठेवल्या आहेत. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतही असेच आहे. 'शमा' या हिब्रू धातूचा अर्थ ऐकणे असा आहे आणि आज्ञा मानणे असाही आहे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत आज्ञाधारकतेसाठी येणारा 'हुपाकोए' हा शब्दही ऐकण्याच्या धातूपासूनच सिद्ध झाला आहे. याउलट ख्रिस्ती प्रवचनांतून आणि प्रश्नोत्तरीच्या पुस्तकांतून रूढ झालेल्या 'आज्ञापालन' या संज्ञेत ऐकणे कुठेच नाही. वरून येणारी आज्ञा आणि खालून होणारे पालन, एवढीच तिची रचना आहे. दरबार, कचेरी, पलटण यांच्या व्यवहारातून तिला जो गंध लागला आहे तो पुसून काढणे अवघड आहे.

'भय' या शब्दाचे भवितव्यही काहीसे असेच आहे. नीतिसूत्रांच्या आरंभी परमेश्वराचे भय हे ज्ञानाचे मूळ मानले आहे. तेथील 'यिरा' या हिब्रू शब्दात धास्ती, दरारा, आदर आणि विस्मय एकत्र नांदतात. मराठीत 'देवाला भिऊन वागणारा माणूस' या प्रयोगात हे सारे थोडक्यात सामावलेले आहे. असा माणूस भित्रा नसतो. तो मापात पाप करत नाही, अनाथाची जमीन बळकावत नाही, एवढेच आपल्याला सुचवायचे असते. म्हणजे ख्रिस्ती जीवनातील देवभय व आज्ञापालन या दोन्ही कल्पनांना सामावून घेणारे शब्द मराठी बोलीत आधीपासून तयार होते. साहित्याने त्यांचे काय केले, हा प्रश्न मात्र आपल्याकडे फारसा विचारला गेलेला दिसत नाही.

तो न विचारला जाण्याचे कारण मराठी ख्रिस्ती साहित्याच्या आपल्या वाचनपद्धतीत आहे. हे साहित्य आपण दोन साच्यांत घालून वाचत आलो आहोत. एक साचा भक्तिपरंपरेच्या विस्ताराचा. त्यात फादर थॉमस स्टीफन्स आणि नारायण वामन टिळक बसतात. दुसरा साचा धर्मप्रचाराचा. त्यात उरलेले बहुतेक सारे ढकलले जाते. पहिल्या साच्यात ख्रिस्ती श्रद्धेतील प्रेमाचा भाग आपल्याला ओळखीचा वाटून आवडतो. दुसऱ्या साच्यात आज्ञेचा भाग परका वाटून आपण तो समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की ही विभागणी सोयीची असली तरी खोटी आहे. ख्रिस्ती श्रद्धेतील आदर आणि आज्ञा एकमेकींपासून तोडता येत नाहीत. मराठी ख्रिस्ती साहित्याचे खरे वाङ्मयीन बळही, देवाची आज्ञा आणि ती पोहोचवणारा माणसाचा आवाज यांत जेथे फरक केला गेला, तेथेच प्रकट झाले आहे.

२

प्रथम बायबलच्या संहितेकडे पाहू. आज्ञाभंगाची पहिली कथा उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात येते आणि तिची सुरुवात प्रश्नाने होते. देवाने खरोखरच असे सांगितले आहे काय, असा तो सर्पाचा प्रश्न आहे. संहितेतील हा पहिलाच प्रश्न सर्पाच्या तोंडी असल्यामुळे, प्रश्न विचारणे हीच अवज्ञेची पहिली पायरी आहे असे समजण्याची वृत्ती धर्मसंस्थेत बळावली, हे स्वाभाविक होते. पण त्याच अध्यायात थोडे पुढे देवही प्रश्नच विचारतो. झाडांआड लपलेल्या माणसाला तो, तू कोठे आहेस, असे विचारतो. प्रश्नाने नाते तुटते आणि प्रश्नानेच ते पुन्हा जोडायला घेतले जाते. तेव्हा केवळ प्रश्न म्हणजे अवज्ञा नव्हे, हे संहितेनेच सुचवून ठेवले आहे.

अब्राहामाच्या कथेत हा ताण अधिक तीव्र होतो. अठराव्या अध्यायात सदोम नगराच्या नाशाची वार्ता ऐकून अब्राहाम देवाशी अक्षरशः घासाघीस करतो. पन्नास नीतिमान माणसांपासून सुरुवात करून तो दहापर्यंत उतरतो. आपण धूळ व राख आहोत याची जाणीव तो बोलून दाखवतो आणि तरीही मागे हटत नाही. आदर आणि वाद एकाच वाक्यात कसे राहू शकतात, याचा हा नमुना आहे. बाविसाव्या अध्यायात मात्र स्वतःच्या मुलाचा बळी मागितला जातो तेव्हा हाच अब्राहाम देवाशी एका शब्दानेही वाद घालत नाही. परक्यांसाठी भांडणारा माणूस स्वतःच्या मुलासाठी गप्प राहतो. हे मौन श्रद्धेचे शिखर आहे की तिची भीषण परिसीमा आहे, याविषयी यहुदी आणि ख्रिस्ती विचारवंत शतकानुशतके झगडत आले आहेत. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की आज्ञाधारकतेची दोन्ही रूपे, वाद घालणारे आणि मौन पाळणारे, संहितेने एकाच व्यक्तीच्या ठायी दाखविली आहेत. त्यातील एक वगळण्याचा अधिकार वाचकाला तिने दिलेला नाही.

गेथशेमाने बागेतील येशूच्या प्रार्थनेत ही दोन्ही रूपे एकत्र येतात. हा प्याला टळावा, ही विनंती आधी येते. स्वीकार नंतर येतो. विनंतीवाचून नुसता स्वीकार आला असता तर ती प्रार्थना माणसाची वाटली नसती. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा कर्ता तर, पुत्र असूनही तो दुःखातून आज्ञाधारकता शिकला, असे म्हणतो. आज्ञाधारकता ही शिकावी लागणारी, काळ घेणारी गोष्ट आहे, असे मानले की तिला कथा प्राप्त होते. आणि जिला कथा आहे तिलाच साहित्य असू शकते.

येथे मराठी वाचकाच्या मनात एक तुलना आपोआप उभी राहते. पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतलेला असतो. दारी आलेल्या देवाकडे तो वीट भिरकावतो आणि देव तिच्यावर उभा राहतो. जनाबाईबरोबर विठ्ठल दळू लागतो. आपल्या भक्तिपरंपरेच्या अत्यंत मनोहर कथांत आज्ञा करणारा भक्त असतो आणि ती मानणारा देव असतो. योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, हे वाचताना आपल्याला जनाबाईचे जाते आठवल्यावाचून राहत नाही. सेवा करणारा देव आपल्या ओळखीचा आहे. परंतु जनाबाईच्या कथेत दळण संपले की कथा संपते; प्रेम स्वतःतच पुरे होते. योहानाच्या कथेत पाय धुऊन झाल्यावर येशू पुन्हा आपल्या जागी बसतो आणि शिष्यांना, तुम्हीही एकमेकांचे पाय धुतले पाहिजेत, असे बजावतो. प्रेमाची परिणती आज्ञेत होते. संतांच्या उपदेशात नीतीचा आग्रह नाही असे अर्थातच नाही; तो पुष्कळ आहे आणि कठोरही आहे. पण देवाच्या सेवेच्या त्याच प्रसंगातून, त्याच श्वासात, आज्ञा उमटणे हा ख्रिस्ती कथेचा विशेष आहे. मराठी ख्रिस्ती लेखकाला या दोन प्रकृतींच्या मधल्या जागेत उभे राहून लिहावे लागले.

३

या जागेत पहिल्यांदा उभा राहिलेला मोठा कवी जन्माने इंग्रज होता. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. या ग्रंथाची भाषिक थोरवी आपल्या समीक्षेने वेळोवेळी सांगितली आहे; तिची पुनरुक्ती येथे करत नाही. लक्ष वेधायचे आहे ते त्याच्या रचनेतील एका गोष्टीकडे.

साष्टीतील ज्या समाजासाठी हे पुराण रचले गेले, त्याला आज्ञा या शब्दाचा अनुभव केवळ आध्यात्मिक नव्हता. देवळे पाडली गेली होती, जुनी पुराणे बंद झाली होती, १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळीत रक्त सांडले होते. देवाची आज्ञा आणि पोर्तुगीज सत्तेची आज्ञा एकाच दिशेने, पुष्कळदा एकाच तोंडून येत होत्या. अशा परिस्थितीत स्टीफन्स आपल्या पुराणाच्या आरंभी एका नवख्रिस्ती ब्राह्मणाला उभे करतात. जुनी पुराणे गेली, तर आम्हांला आमच्या भाषेत दुसरे काही वाचायला द्या, असा त्याच्या मागण्याचा आशय आहे. पुराण त्या मागणीला दिलेले उत्तर म्हणून अवतरते.

श्रोत्याने विचारावे आणि वक्त्याने सांगावे हा पुराणांचा जुनाच संकेत आहे. स्टीफन्सनी तो उचलला यात नवल नाही. नवल आहे ते या संकेताने त्यांच्याकडून करून घेतलेल्या कामात. ज्या व्यवस्थेत वरून सांगायचे आणि खालून मानायचे एवढेच होते, तिच्यात खालून विचारण्याची एक जागा या संकेताने निर्माण केली. पाद्रीगुरू आज्ञा सांगतो खरा, पण त्याआधी त्याने ऐकलेले असते. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणणारी त्यांची परिभाषाही याच ऐकण्याची खूण आहे.

तथापि या जागेची मर्यादाही ओळखली पाहिजे. पुराणातला श्रोता जिज्ञासू असतो, वादी नसतो. त्याचा प्रश्न कथा पुढे सरकावी म्हणून येतो. उत्तर मिळाले की विरतो. उत्तरानेही न शमणारा प्रश्न, म्हणजे सदोमसाठी भांडणाऱ्या अब्राहामाचा किंवा ईयोबाचा प्रश्न, या चौकटीत उच्चारता येत नाही. स्टीफन्सनी आज्ञेला ऐकण्याची जोड दिली. आज्ञा पोहोचवणाऱ्याला प्रश्न विचारण्याची मुभा मात्र ते देऊ शकले नाहीत. तशी मुभा त्या काळी त्यांना स्वतःला तरी कितपत होती, हा वेगळा प्रश्न आहे. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. लोकांच्या भाषेत देवाचे ऐकवणारा ग्रंथ आणि त्या भाषेलाच गप्प करणारी आज्ञा, दोन्ही एकाच ख्रिस्ती राजवटीच्या पोटातून निघाली. देवाचा आवाज आणि सत्तेचा आवाज एक नाहीत, ही गोष्ट क्रिस्तपुराणाला सांगता आली नाही. त्या ग्रंथाच्या इतिहासाने ती सांगितली.

४

रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्याआधी १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांची पकड घेतली, ही हकिकत सर्वश्रुत आहे. तिच्यातील एका बारकाव्याकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. डोंगरावरील प्रवचन हा बव्हंशी आज्ञांचा संग्रह आहे. शत्रूवर प्रीती करा, उजव्या हाताचे दान डाव्याला कळू देऊ नका, उद्याची चिंता करू नका, अशा आशयाच्या त्या आज्ञा आहेत, आणि ऐकून त्याप्रमाणे न वागणारा माणूस वाळूवर घर बांधणारा मूर्ख होय, या दृष्टान्ताने त्या संपतात. टिळकांना खेचले ते आज्ञांनी.

त्यांच्या अभंगांत मात्र आज्ञा क्वचितच ऐकू येते. तेथे ख्रिस्त माउली आहे, गुरू आहे, सखा आहे. त्याच्या चरणी लीन होण्याची, त्याच्यात विरून जाण्याची ओढ आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत, आणि त्यांची रचना त्याची साक्ष देते. मराठी ख्रिस्ती उपासनेला त्यांनी स्वतःचा गळा दिला; विलायती चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांनंतर हे केवढे मोठे कार्य होते, हे वेगळे सांगायला नको. पण एका मोठ्या कार्याची किंमत विचारणे हे समीक्षेचे कामच आहे. आदराचे रूपांतर जेव्हा पूर्णपणे जवळिकीत होते, तेव्हा देवाचे परकेपण संपते. आणि परकेपण संपले की आज्ञेची धारही बोथट होते, कारण आपल्या इच्छेविरुद्ध काही सांगू शकेल असा आवाज मग शिल्लक राहत नाही. तुकोबांच्या अभंगांत भक्त देवाशी कडाडून भांडतो. टिळकांच्या ख्रिस्ती अभंगांत असे भांडण विरळा आढळते. पुलाच्या अलीकडची ही शिदोरी त्यांनी पलीकडे पुरेशी नेली नाही.

टिळकांच्या आयुष्यात मात्र आज्ञा सतत गर्जत राहिली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापून, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्वच ख्रिस्तानुयायांना तेथे जागा दिली. देवाचे ऐकायचे तर संस्थेचे न ऐकण्याची तयारी हवी, हे त्यांनी आचरणाने सिद्ध केले. दोन वर्षांनी त्यांचे निधन झाले. त्यांचे जीवन त्यांच्या काव्यापेक्षा अधिक कडक होते. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्यांच्यातला 'फुलामुलांचा कवी' तेवढा उचलला, आणि समीक्षेने त्याच्या जोडीला भक्तकवी. नोकरी सोडणारा, आज्ञेने पछाडलेला माणूस दोघांच्याही हातून निसटला.

५

जे टिळकांच्या काव्याबाहेर राहिले ते पंडिता रमाबाईंच्या लेखनाच्या केंद्रस्थानी आहे. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वॉन्टेज येथे बाप्तिस्मा घेतला. तेथील अँग्लिकन भगिनीसंघातील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. दोघींचा इंग्रजी पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. मराठी लेखिकेने इंग्रजीत लिहिलेला असल्याने तो मराठी समीक्षेच्या नजरेत फारसा भरला नाही. पण आज्ञापालन या विषयावर एका मराठी मनाने याहून प्रखर लेखन केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

वाद दिसायला लहानसहान गोष्टींवरून होतात. गळ्यातल्या क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का असावीत, संस्कृतात का नकोत? अन्नाविषयीचे जुने नियम पाळावेत की नाही? चेल्टनहॅमला असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय? या शेवटच्या प्रश्नावर हिंदुस्थानातील बिशपांनी प्रतिकूल मत दिले आणि रमाबाईंनी त्याला हरकत घेतली. वाद पुढे त्रैक्याच्या सिद्धान्तापर्यंत पोहोचतो. प्रत्येक वेळी सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाईंच्या उत्तरांत अहंकार दिसतो. रमाबाईंचे उत्तर थोडक्यात असे : भारतीय पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर त्याच जातीचे दुसरे जोखड मी मानेवर घेणार नाही, देवाचे मी ऐकेन, पण माणसाचा प्रत्येक शब्द देवाचा शब्द म्हणून स्वीकारणार नाही.

येथे सिस्टर जेराल्डिन यांच्यावर अन्याय होता कामा नये. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञाधारकता ही तीन व्रते घेतलेल्या जोगिणीला वरिष्ठांची आज्ञा हेच देवाच्या आज्ञेचे दृश्य रूप असते. त्या बंधनात तिला तिच्यापुरते स्वातंत्र्यही लाभलेले असते, कारण स्वतःच्या इच्छेच्या जुलमातून ती सुटलेली असते. रमाबाईंचा पूर्वानुभव वेगळा होता. पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून शास्त्र्यांच्या रोषाला तोंड देणाऱ्या अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही कन्या. तीर्थे, व्रते, दाने सांगितली तशी करूनही तिने आईबाप दुष्काळात गमावले होते. आज्ञा पोहोचवणारा माणूस चुकू शकतो, लुबाडूही शकतो, हे तिला पुस्तकातून शिकायचे नव्हते. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र धर्मसभेपुढे उभा राहून, माणसांपेक्षा देवाचे ऐकले पाहिजे, अशा आशयाचे उत्तर देतो. रोमकरांस पत्रात पौल वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्यास सांगतो. सिस्टर जेराल्डिन पौलाच्या बाजूला उभ्या आहेत, रमाबाई पेत्राच्या. दोन्ही वचने एकाच नव्या करारातली आहेत.

या पत्रांचा वाङ्मयीन विशेष त्यांच्या संबोधनात आहे. सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई 'आजीबाई' म्हणतात. इंग्रजी पत्राच्या तोंडाशी येणारा हा मराठी नातेवाचक शब्द मायेचा आहे, आदराचा आहे. त्याच्याखालीच ठाम नकार लिहिलेला असतो. आजीचे सगळे ऐकायचे नसते, पण आजीशी नाते तोडायचेही नसते. आदर आणि अवज्ञा यांचे हे सहजीवन रमाबाईंनी आपल्या घरच्या भाषेतून तेथे नेले.

उत्तरायुष्यात या आवाजाचे काय झाले, हाही प्रश्न टाळता येत नाही. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आलेल्या शेकडो स्त्रिया व मुली होत्या. तेथे आज्ञा देणाऱ्या आता रमाबाई होत्या. त्यांच्या १९०७ च्या आत्मनिवेदनात समर्पणाचा सूर आहे. वॉन्टेजची प्रश्न विचारणारी तरुणी तेथे मागे सरलेली आहे. तिचा शोध घ्यायचा असेल तर तो त्यांच्या बायबलच्या भाषांतरात घ्यावा लागतो. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी हे काम एकहाती तडीस नेले. १९२२ मध्ये मृत्यूच्या थोडे आधी ते पुरे झाले आणि १९२४ मध्ये संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. रूढ भाषांतरांची संस्कृतप्रचुर भाषा त्यांना नको होती. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल असे मराठी हवे होते, आणि त्याच वेळी मुळाशी इमानही सोडायचे नव्हते. ही दोन इमाने नेहमी एकत्र नांदत नाहीत. त्यांच्या ओढाताणीत भाषेला खडबडीतपणा येतो. भक्तिपरंपरेतून आलेल्या शब्दांची ऊब त्यांनी जाणूनबुजून नाकारली. हा वाङ्मयीन तोटा आहे हे खरे. पण टिळकांनी स्वीकारलेल्या वाटेचा दुसरा टोकाचा पर्याय म्हणून तो समजून घ्यायला हवा. टिळकांना देव ओळखीचा व्हावा असे वाटत होते; रमाबाईंना त्याचे बोलणे ओळखीच्या कुठल्याही आवाजात मिसळून जाऊ नये असे वाटत होते. संस्कृत पंडितेने संस्कृत बाजूला ठेवणे हा अधिकारत्यागही होता. ऐकायला बसलेल्या बाईला मध्यस्थ लागू नये, म्हणून मध्यस्थाने स्वतःला पुसून घेतले.

६

आतापर्यंत आपण आज्ञा ऐकणाऱ्याचा विचार केला. पण एकाने ऐकलेल्या आज्ञेची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, तेव्हा काय? अब्राहाम पहाटे उठून मुलाला घेऊन डोंगराकडे निघतो, त्या वेळी सारा कोठे होती? उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात तिचे नावही येत नाही. पुढचा अध्याय उघडतो तो तिच्या मृत्यूच्या वार्तेने. आज्ञाधारकतेच्या या महाकथेत आईला वाक्य नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. या दृष्टीने पाहिले तर ती साराने सांगितलेली कथा आहे. पतीने देवाचे ऐकले आणि पत्नीचे जग कोसळले. तिला विचारलेले नव्हते. पुढची वर्षे ताटातुटीची, नातलगांच्या आश्रयाची, वेडाच्या काठावरून जाणाऱ्या दुःखाची आहेत. टिळकांच्या धर्मांतराकडे सदसद्विवेकाचा विजय म्हणून पाहणे सोपे आहे. त्या विजयाची दुसरी बाजू एवढ्या निर्मळपणे सांगणारे दुसरे पुस्तक मराठीत नाही. आणि ते आरोपपत्र नाही, हे त्याचे मोठेपण.

लक्ष्मीबाईंनी आज्ञांचा अतिरेक लहानपणीच पाहिला होता. वडिलांच्या सोवळ्याने पछाडलेल्या घरापासूनच पुस्तकाची सुरुवात होते. नियम पाळण्याच्या भरात माणूस कसा नाहीसा होतो, हे त्या हसतहसत दाखवतात. त्यामुळे पुढे पतीमागून ख्रिस्ती होणे हे एका आज्ञेतून दुसऱ्या आज्ञेत जाणे ठरले असते तर त्यात आश्चर्य नव्हते. तसे झाले नाही. टिळकांकडे परतल्यावरही त्या काही काळ आपला आचार सांभाळून राहिल्या. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगले. मग त्यांनी शिवाशीव टाकली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये आला. हा क्रम महत्त्वाचा आहे. देवाची आज्ञा कोणती आणि माणसाने देवाच्या नावावर खपवलेली कोणती, हा निवाडा त्यांनी आधी केला आणि मान नंतर लववली. रमाबाईंनी पत्रांतून जो भेद युक्तिवादाने मांडला, तो लक्ष्मीबाईंनी स्वयंपाकघरात आणि पाण्याच्या भांड्यापाशी पार पाडला.

त्यांच्या निवेदनातील विनोदाची आपण पुष्कळ स्तुती केली आहे, पण त्याचा श्रद्धेशी असलेला संबंध तपासलेला नाही. जणू हा विनोद लक्ष्मीबाईंच्या स्वभावाचा भाग आणि श्रद्धा टिळकांच्या. वास्तविक अब्राहामाच्या कथेतच हसण्याला मानाचे स्थान आहे. म्हातारपणी मूल होईल हे देवाचे वचन तंबूच्या दाराआडून ऐकून सारा हसते. भयाने ती नाकारते, आणि तू हसलीस, असे तिला सांगितले जाते. शिक्षा होत नाही. जन्मलेल्या मुलाचे 'इसहाक' हे नावच हसण्यावरून पडते. देवाचे बोलणे ऐकून हसणारी बाई आणि तरीही त्या वचनाची वारस असणारी बाई, हा बायबलमधला नमुना लक्ष्मीबाईंच्या लेखनाला जितका लागू पडतो तितका तो क्वचितच दुसऱ्या कुणाला लागू पडेल. पैसा हातात न ठरणाऱ्या, घरादाराचा विचार न करता देवाच्या मागे धावणाऱ्या नवऱ्याला त्या हसतात. पण त्याने ज्याचे ऐकले त्याला त्या हसत नाहीत. माणूस आणि आज्ञा यांतली रेघ त्यांच्या विनोदाने आखली आहे. नवऱ्याने अर्धवट टाकलेले 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच चालवले, यात विसंगती नाही.

७

या चार लेखकांना एका रांगेत उभे करून कुणाची श्रद्धा अधिक खरी, हे ठरविण्याचा समीक्षेला अधिकार नाही. तिने पाहायचे ते श्रद्धेच्या कोणत्या रूपाला भाषेत कोणता आकार मिळाला, हे. स्टीफन्सनी आज्ञेला श्रोता दिला. टिळकांनी आदराला गळा दिला, पण आज्ञा आयुष्यासाठी राखून ठेवली. रमाबाईंनी आज्ञा आणि तिचे वाहक यांची फारकत केली, आणि पुढे शब्दाशी इमान राखताना शब्दाची ऊब गमावली. लक्ष्मीबाईंनी दुसऱ्याच्या आज्ञाधारकतेची झळ सोसून, आपल्या निवाड्याने देवाचे ऐकले आणि त्याची हकिकत हसून सांगितली.

आपल्या समीक्षेने मात्र यातले जे आधीच ओळखीचे होते तेवढे घरात घेतले. ख्रिस्ती लेखक आपल्यासारखा भक्त वाटला की आपण त्याला जवळ करतो. तो आज्ञेविषयी बोलू लागला की तो परका, प्रचारकी वाटतो. हे औदार्य दिसते तितके निरपेक्ष नाही. दुसऱ्याने आपल्याच स्वरात बोलावे, या अटीवर केलेला स्वीकार हाही एक हुकूमच असतो. ख्रिस्ती जीवनातील देवभयाची कल्पना कुणाला पटो वा न पटो, माणसाच्या प्रत्येक सत्तेला मर्यादा घालणारा एक आवाज तिने मराठी साहित्यात आणला. त्या आवाजाच्या बळावर एक विधवा बिशपांना नाही म्हणू शकली आणि एका बाईने शिवाशीव टाकली. हा आवाज भक्तीच्या गोडव्यात विरघळवून टाकला तर आपले वाचन सुखाचे होईल, पण आपण काही ऐकलेले नसेल. मराठीत ऐकण्याचा अर्थ कानावर पडण्यापुरता नाही, हे समीक्षकानेही लक्षात ठेवायला हवे.